तुकडा तपासायला दिला म्हणजे काय?



“कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू या,” असे डॉक्टरांनी म्हटले की आपल्या घरात रडारड सुरू होते. तुकडा म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे सगळे संपले, असा हिशेब आपण मांडून मोकळे होतो. कोणी म्हणते, हत्यार लागले की रोग अंगभर पसरतो. कोणी म्हणते, शिकाऊ डॉक्टर गरिबाच्या अंगावर हात साफ करून घेतात. या भीतीपायी कित्येक जण केसपेपर खिशात घालून घरी येतात, ते पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. म्हणून या वेळी आमच्या वस्तीतील एका भगिनीची हकिगत सांगतो. त्यांना विचारूनच लिहीत आहे. नाव मात्र देत नाही; आम्ही सारे त्यांना वहिनी म्हणतो.

वहिनी एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जातात. मागच्या पावसाळ्यात त्यांचा घसा धरला, खोकला झाला आणि चार दिवसांत बराही झाला. पुढे दहा-बारा दिवसांनी एकाएकी कडकडून ताप भरला. दोन्ही हातांवर, मानेवर आणि गालावर लालभडक, फुगीर चट्टे उठले. खाज नव्हती, पण हात लागला तरी ठणका मस्तकात जाई. काही चट्टे लांबून पाण्याने भरलेल्या फोडांसारखे दिसत. दाबून पाहिले तर आत पाणी नाही, घट्टच.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून औषध दिले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ताप आहे, कातडी लाल आहे, गरम आहे, दुखते आहे. रक्तात पांढऱ्या पेशी सोळा हजारांवर गेलेल्या. कोणीही प्रथम जंतूंवरच संशय घेईल. पण पाच दिवसांच्या गोळ्या संपल्या, मग इंजेक्शने झाली, दुसऱ्या, महागड्या कॅप्सूल झाल्या; ताप उतरेना आणि चट्टे वाढतच चालले.

इकडे नळावर निदान सुरू झाले होते. एकीने नागीण सांगितली, दुसरीने गोवर उलटला म्हटले. तिसरीने आवाज खाली घेऊन ‘महारोग’ म्हटले. त्या एका शब्दाने घराचा रंग पालटला. सासूबाईंनी वहिनींचे ताट-पेला निराळे केले. धाकट्या मुलाला शेजारच्या खोलीत निजवू लागले. केंद्राच्या मालकिणीने निरोप धाडला, “बरं वाटेपर्यंत येऊ नका.” रोजावर काम करणाऱ्या बाईला याचा अर्थ काय, हे आपल्या वाचकांना फोड करून सांगायला नको.

कागदावर अंगठा कशाचा?

तेव्हा वहिनींचे यजमान माझ्याकडे आले आणि आम्ही तिघे मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी घाई केली नाही. घसा केव्हा दुखला, ताप आधी की चट्टे आधी, कोणती औषधे घेतली, सांधे दुखतात का, डोळे लाल होतात का, असे एकामागून एक प्रश्न विचारले. कापसाच्या बोळ्याने चट्ट्यांवर स्पर्श कळतो का, ते पाहिले. कोपराजवळची आणि मानेची नस चाचपली. मग म्हणाल्या, “मला एका आजाराचा संशय आहे. पण नुसतं वरून बघून सांगता यायचं नाही. तुकडा तपासावा लागेल.”

संमतीचा कागद पुढे येताच यजमानांनी हात मागे घेतला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “भाऊ, हात लावू नका म्हणावं. आमच्या चुलत्याला गाठीत सुई घातली अन् दोन महिन्यांत माणूस गेला.” मी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. मग मॅडमनी समजावले, “तुमच्या काकांना सुईमुळे कॅन्सर झाला नसणार. कॅन्सर आधीच होता म्हणून सुई घालून बघितली असेल.” एवढ्या एका वाक्याने यजमानांची कळी उघडली. उलट हिशेब आपणच मांडत होतो. पावती फाडल्यामुळे कर्ज होत नाही. कर्ज आधीच असते, पावतीने ते कळते.

प्रत्यक्ष काम पंधरा-वीस मिनिटांचे. दंडावरचा ताजा, पुरता उठलेला एक चट्टा मॅडमनी निवडला. तिथे बधिर करणारे इंजेक्शन दिले. टोचले तेवढेच दुखले. मग पेन्सिलीच्या टोकाएवढ्या, चार मिलिमीटर रुंदीच्या गोल धारेच्या उपकरणाने कातडीचा बारीक खुंटा काढला. त्याला पंच म्हणतात. पूर्वी रेल्वेचा तिकीट तपासनीस तिकिटाला भोक पाडायचा, तसाच प्रकार. एक टाका घातला, पट्टी बांधली. वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, “एवढंच? यापेक्षा तव्याचा चटका जास्त लागतो.”

‘बायॉप्सी’ हा शब्द ऐकून आपल्याला धडकी भरते. तो १८७९ साली वापरात आणला एर्नेस्ट बेनिए या फ्रेंच डॉक्टरांनी, आणि ते कॅन्सरचे नव्हे तर त्वचारोगांचेच डॉक्टर होते. जिवंत माणसाच्या अंगातला भाग पाहणे, एवढाच त्याचा अर्थ. त्वचेच्या कितीतरी साध्या, बऱ्या होणाऱ्या आजारांतही तुकडा काढतात. तुकडा काढला म्हणजे कॅन्सर, हे समीकरण मनातून काढून टाकावे.

बाटलीचा प्रवास

कातडीचा तो कण एका छोट्या बाटलीत टाकला. बाटलीत फॉर्मॅलिन नावाचे उग्र वासाचे औषध असते. त्यात मांस सडत नाही, आहे त्याच अवस्थेत टिकते. पुष्कळ रुग्णालयांत ही बाटली नातेवाइकांच्याच हाती देऊन प्रयोगशाळेत पोचवायला सांगतात. आमच्याही हाती दिली. खिडकी बंद व्हायला पाच मिनिटे होती आणि यजमान म्हणत होते, “उद्या सवडीने देऊ.” मी त्यांना जवळजवळ ओढतच नेले. ही बाटली हरवली तर पुन्हा भोक पाडावे लागते, हे लक्षात असू द्यावे. बाटलीवरचे नाव आणि नंबर फॉर्मशी जुळवून पाहावे. झाकण उघडू नये. त्या औषधाने डोळे चुरचुरतात.

आत काय चालते, हे तिथल्या एका तंत्रज्ञ दादांना विचारून घेतले. तुकड्यातले पाणी हळूहळू काढून तिथे मेण भरतात. मग मेणाच्या वडीत तो बसवून मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे काप काढतात. एक काप चार-पाच मायक्रॉन जाडीचा. म्हणजे असे दोनशे काप एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल! तो काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेच्या पट्टीवर घेतात आणि रंगवतात. दोन रंग मुख्य. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रे निळी-जांभळी होतात. हा रंग मूळ मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळतो. इओसिनने बाकीचा भाग गुलाबी होतो. मग पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वाचतात. या साऱ्याला दिवस लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी रिपोर्टसाठी भांडू नये. आणि आठ-दहा दिवसांनी विचारायला विसरूही नये.

काचेवर काय दिसले?

वहिनींच्या काचेवर वरची कातडी जवळजवळ शाबूत होती. तिच्या लगेच खाली सुजेचे पाणी भरले होते. म्हणूनच चट्टे फोडांसारखे दिसत. ते पाणी कातडीच्या थरांत मुरलेले, दाबून बाहेर येणारे नव्हे. त्याखाली न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशींची दाट गर्दी. या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. जंतू शिरले की पहिल्यांदा धावतात त्या याच.

शिपाई एवढे गोळा झाले, तर चोर कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी निरनिराळे रंग देऊन पाहतात. एका रंगाने साधे जंतू दिसतात, दुसऱ्याने बुरशी, तिसऱ्याने क्षयाचे आणि फाइट नावाच्या रंगपद्धतीने कुष्ठरोगाचे जंतू. वहिनींच्या तुकड्यात एकही सापडला नाही. दुसरा एक कण फॉर्मॅलिनमध्ये न टाकता जंतू वाढवून पाहायला ठेवला होता; तिथेही काही उगवले नाही. तिसरा प्रश्न रक्तवाहिन्यांचा. काही आजारांत वाहिन्यांच्या भिंतीच जळून जातात, ते वेगळे आणि अधिक काळजीचे दुखणे. इथे भिंती शाबूत होत्या.

म्हणजे शिपाई जमले, दंगल झाली, पण चोर नाही! या आजाराला स्वीट सिंड्रोम म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ गावचे डॉक्टर रॉबर्ट डग्लस स्वीट यांनी १९६४ साली आठ स्त्रियांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. ताप, रक्तात वाढलेले न्यूट्रोफिल, दुखरे लाल चट्टे आणि काचेवर दिसणारी ती गर्दी, या चार गोष्टी त्यांनी एकत्र जुळवल्या. हा आजार दुर्मिळ आहे. स्त्रियांमध्ये जास्त दिसतो आणि बऱ्याचदा घशाच्या किंवा पोटाच्या साध्या दुखण्यामागून एक ते तीन आठवड्यांनी येतो. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

नावावरून आमच्याकडे गंमत झाली. यजमानांनी घरी जाऊन सांगितले, ‘स्वीट’ निघाले. सासूबाईंनी त्याच दिवसापासून वहिनींच्या चहातली साखर बंद केली! स्वीट हे डॉक्टरांचे आडनाव. गोडाशी त्याचा काही संबंध नाही. पुढे जे औषध सुरू झाले त्याने मात्र साखर वाढू शकते, म्हणून रक्तातली साखर तपासावी लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मी म्हणत नव्हते?”

तुकडा एकटा बोलत नाही

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. न्यूट्रोफिलची गर्दी अनेक आजारांत दिसते. पॅथॉलॉजिस्ट समोर माणूस पाहत नाहीत, फक्त काच पाहतात. फॉर्मवर नुसते ‘चट्टे’ एवढेच लिहून पाठवले, तर तेही बिचारे मोघम उत्तर देतात. ताप केव्हा आला, औषधाने गुण आला का, रक्तात काय निघाले, ही सारी हकिगत फॉर्मवर लिहिली असेल तर काच बोलू लागते. आम्ही कारकून लोक जाणतो, नुसत्या खतावणीवरून हिशेब लागत नाही. पावती, रोजकीर्द आणि खतावणी तिन्ही जुळली तरच बेरीज खरी. म्हणून डॉक्टर विचारतील तेव्हा काही लपवू नये. वैदूचा पाला बांधला असेल तर तेही सांगावे.

कुष्ठरोगाचा प्रश्नही असाच सुटला. कुष्ठरोगात बहुधा चट्ट्यावरची संवेदना जाते, नसा जाड होतात. पण त्याच आजारात कधी कधी ताप येऊन दुखऱ्या लाल गाठी उठतात, त्या स्वीटच्या चट्ट्यांसारख्या दिसू शकतात. म्हणून कापसाची आणि नसांची तपासणी, म्हणून तो खास रंग. आणि समजा, तुकड्यात कुष्ठरोगाचे जंतू निघाले असते, तर काय आकाश कोसळले असते? कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषधे फुकट मिळतात. ताट निराळे करण्याची गरज तेव्हाही नसती. रोगापेक्षा आपल्या नजरेनेच माणूस जास्त खंगतो.

आणखी एक तपासणी मॅडमनी आवर्जून केली. या आजाराच्या काही रुग्णांत आत रक्ताचा कॅन्सर दडलेला असतो. काहींना तो एखाद्या औषधामुळे होतो. म्हणून रक्ताची काच रंगवून पेशी नीट पाहिल्या, इतर तपासण्या केल्या. वहिनींच्या रक्तात तसले काही निघाले नाही. पण तुकड्यानेच हा पुढचा दरवाजा ठोठावायला सांगितले, हे विसरता येत नाही. नुसत्या कॅप्सूल बदलत बसलो असतो तर तिकडे कोणी पाहिलेच नसते.

दोन दिवसांत उतार

तुकडा काढल्यावर मॅडमनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. तीन आठवडे न हटलेला ताप दोन दिवसांत उतरला. चट्ट्यांचा ठणका गेला, आठवड्याभरात ते विझत चालले. डागही राहिले नाहीत. जंतूंवरच्या औषधाने गुण येत नाही आणि स्टेरॉइडने झटपट येतो, ही या आजाराची एक खूणच आहे.

पण हे वाचून कोणी मेडिकलच्या दुकानातून स्टेरॉइड आणून खाऊ नये. तुकडा काढण्याआधीच ते खाल्ले तर गर्दी पांगते, काचेवर काही दिसत नाही आणि खरा आजार झाकला जातो. आजार जंतूंचा असेल तर तो भडकतो. आणि या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. डॉक्टर सांगतील तशाच उतरवत आणायच्या असतात. वहिनींच्या गोळ्या सहा आठवड्यांत उतरवत बंद केल्या. या आजारात सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना तो पुन्हा येतो, म्हणून त्या अजून ठरल्या दिवशी दाखवून येतात.

काही रुग्णांना स्टेरॉइडऐवजी पोटॅशियम आयोडाइड, कोल्चिसिन किंवा डॅप्सोन देतात. डॅप्सोन ही कुष्ठरोगातही वापरली जाणारी गोळी. ती पाहून शेजाऱ्याने काही म्हटले तर घाबरू नये. गोळीवरून रोग ठरत नाही. रिपोर्ट पाहावा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. या आजारात काहींना जिथे सुई टोचली तिथेच नवा चट्टा उठतो. वहिनींच्या हातावर रक्त काढले त्या जागी तसे झाले आणि “बघा, टोचलं अन् वाढलं” असे लगेच कोणी तरी म्हणाले. मॅडमनी सांगितले, शिपाई आधीच बिथरलेले असतात, जरा धक्का लागला की तिथे गर्दी करतात. औषधाने तोही जातो. तसाच तो गेला.

लक्षात ठेवावे असे काही

तुकडा द्यायला जाताना पोटभर जेवून जावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, किंवा पूर्वी बधिर करणाऱ्या इंजेक्शनचा त्रास झाला असेल, तर आधी सांगावे. चट्टा खाजवून, चोळून, मलम फासून जाऊ नये. संमतीचा कागद आपल्या भाषेत समजून घेतल्याशिवाय अंगठा वा सही करू नये. समजावून सांगा, असे म्हणण्यात लाज कसली? जखम कोरडी ठेवावी आणि टाका केव्हा काढायचा ते विचारून घ्यावे. चेहऱ्यावरचा साधारण आठवड्यात, हातापायांवरचा दहा ते चौदा दिवसांत काढतात. जागा सुजली, पू आला, ताप चढला तर वाट न पाहता दाखवावे.

रिपोर्ट आला की त्यातला शेवटचा परिच्छेद डॉक्टरांकडून मराठीत समजून घ्यावा. “हा आजार दुसऱ्याला लागतो का?” हा प्रश्न नक्की विचारावा. त्याच्या दोन प्रती काढाव्यात. बायॉप्सीचा नंबर वहीत लिहून ठेवावा, कारण मेणाची वडी आणि काचा रुग्णालयात जपून ठेवतात, आणि पुढे दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल तर त्याच काचा दाखवता येतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत दिली पाहिजेत. मागायला कचरू नये.

शेवटी ती प्रतच उपयोगी पडली. वहिनी परत कामावर गेल्या तेव्हा मालकिणीने दारातच विचारले, “लागायचं तर नाही ना कुणाला?” मॅडमनी वहिनींच्या विनंतीवरून केसपेपरवर एक ओळ लिहून दिली होती: हा आजार संसर्गजन्य नाही, रुग्ण काम करू शकतात. वहिनींनी पदराच्या गाठीतून तो कागद काढून पुढे केला. मालकिणीने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, “पीठ मळलेलं आहे, बसा लाटायला.”

घरी त्याच संध्याकाळी सासूबाईंनी निराळे ठेवलेले ताट घासून इतर ताटांच्या चळतीत ठेवून दिले. कोणी काही बोलले नाही. चार मिलिमीटरच्या त्या कणाने एका बाईचे काम परत दिले आणि तिचे ताट परत चळतीत आणले. तेव्हा उद्या तुमच्या घरी कोणाला “तुकडा तपासू या” असे डॉक्टरांनी सांगितले, तर नळावर विचारायला जाऊ नका. वस्तीतल्या एखाद्या शिकल्या-सवरल्या मुलामुलीला सोबत घ्या, कागद वाचून घ्या, आणि बाटली वेळेत खिडकीवर पोचवा.